रोहिदासच्या दमाचा आकडा

डांगे चौकात सिग्नलला थांबलं की उजव्या हाताला तो फ्लेक्स दिसायचा. मिनल रोज सकाळी कासारवाडीहून वाकडला स्कूटरवरून जायची, त्यामुळे रोज तिला तो बघावाच लागे. फ्लेक्सवर हातात उभं वल्हं धरलेला रोहिदास होता. त्याच्यामागे कुठल्यातरी परदेशातली निळीशार नदी. वर ‘थेरगावचा अभिमान’, खाली ‘दमाचा बादशहा’, आणि या दोन ओळींच्या मध्ये माणसाएवढ्या उंचीचा लाल आकडा, ७४. तळाला गोल चौकटींमधून गॉगल लावलेले काका-मामा आणि शुभेच्छुक मित्रमंडळ.

चौऱ्याहत्तर म्हणजे काय, हे तिथं कुणी लिहिलेलं नव्हतं. एकदा शेजारी थांबलेला रिक्षावाला दुसऱ्याला विचारत होता, “बारावीला पडले का रं याला चौऱ्याहत्तर?” दुसरा म्हणाला, “न्हाई, वाढदिवस असंल. दिसत न्हाई तेवढा.”

आकडा मिनलनेच दिला होता.

वाकडला एका फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर डॉ. विजयश्री यांची खेळाडूंची तपासणी करणारी लॅब होती आणि मिनल तिथं चार वर्षांपासून काम करत होती. धावणारे, सायकलवाले, पोहणारे आणि अलीकडे रोइंगची मुलं तिच्याकडे येत. रोइंगवाल्यांना ती रोइंग मशीनवर बसवायची. बसून मागे-पुढे सरकणारी सीट, पाय बांधायच्या पट्ट्या, साखळीला लावलेला दांडा आणि समोर पंख्यासारखं गोल चाक. दांडा ओढला की चाक फिरतं आणि पडद्यावर किती वॅटचा जोर लागला ते दिसतं. त्याच वेळी नाकातोंडावर मास्क असतो. त्याची नळी दुसऱ्या मशीनला जाते आणि ते मशीन सांगतं, की माणूस दर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतोय. पायरीपायरीने जोर वाढवत नेला की एक वेळ अशी येते, की जोर वाढवला तरी शरीर याहून जास्त ऑक्सिजन वापरू शकत नाही. तो वजनाच्या किलोमागे मोजलेला शेवटचा आकडा म्हणजे त्या माणसाचा दम. धडधाकट तरुणाचा चाळीस-पंचेचाळीस असतो. रोहिदासचा चौऱ्याहत्तर आला होता.

रोहिदास चाकणला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला होता. वय एकोणतीस, उंची सहा फुटांच्या वर, आणि बोलणं अगदी हळू. कॉलेजात असताना रोइंगची गोडी लागली ती सुटली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पवना जलपर्णीने हिरवीगार होऊन जाते आणि बोट पाण्यात घालायची सोय राहत नाही. मग क्लबची सगळी मुलं मशीनवरच घाम गाळतात. याच दिवसांत त्यांचे प्रशिक्षक रणजीत सर सगळ्यांना लॅबमध्ये पाठवत, कारण पुढे राज्याची निवडचाचणी असे.

रिपोर्ट हातात पडल्यावर रणजीत सरांनी तो दोनदा वाचला होता आणि मिनलला फोन केला होता. “मॅडम, हा मुलगा माझ्याकडे सात वर्षं आहे आणि मला पत्ताच नाही?” त्याच्या चौथ्या दिवशी फ्लेक्स लागला.

त्यानंतर जेमतेम महिना गेला असेल. एका दुपारी येणाऱ्या सायकलवाल्याने ऐनवेळी जमत नाही म्हणून कळवलं. नव्या मापाचे मास्क आले होते, ते बघावेत म्हणून मिनल स्वतःच मशीनवर बसली. शिकत असताना आणि नंतर इथं कामाला लागल्यावर ती कितीतरी वेळा अशी बसली होती. शंभर वॅटवर आपल्याला किती ऑक्सिजन लागतो ते तिला आपल्या चपलेच्या मापासारखं पाठ होतं. पडद्यावर आकडा आला तो त्यापेक्षा बराच मोठा.

मास्क गळत असेल म्हणून तिने पट्टे आवळले. पण मग तिच्या लक्षात आलं, की मास्क गळला तर आकडा कमी यायला हवा. तिने जुना मास्क लावला. तोच आकडा. हात थांबवून ती तशीच सीटवर बसून राहिली, आणि मग उठून कोपऱ्यातल्या सिलिंडरपाशी गेली.

त्या मशीनला रोज सकाळी दोन प्रकारची हवा हुंगायला द्यावी लागते. एक खोलीतली आणि एक सिलिंडरमधली. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती टक्के आहे ते त्यावर छापलेलं असतं, आणि तो आकडा मशीनला सांगायचा असतो. त्यावरून ते आपली मोजपट्टी लावतं. मागच्या महिन्याच्या सुरुवातीला नवा सिलिंडर आला होता. मिनलनेच तो जोडला होता. त्याच्यावर पंधरा टक्के छापलं होतं, आणि मशीनमध्ये अजून जुन्या सिलिंडरचे चौदा होते.

एका टक्क्याचा फरक. पण त्याने मशीनची सगळी पट्टी ताणली गेली होती, आणि तेव्हापासून ते प्रत्येकाचा ऑक्सिजन सहाव्या हिश्शाने जास्त दाखवत होतं. तिने कागद ओढून रोहिदासचा आकडा पुन्हा काढला. त्रेसष्ट.

डॉ. विजयश्री संध्याकाळी आल्या तेव्हा मिनलने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्चीत बसून पूर्ण ऐकून घेतलं.

“वॅटचे आकडे?”

“ते बरोबर आहेत. ते चाकावरून येतात, त्यांचा हवेशी संबंध नाही.”

“मग सगळ्यांना कळवू. ज्यांना पुन्हा टेस्ट करायची त्यांची फुकट करू.” मग त्या म्हणाल्या, “आणि त्या चौकातल्या मुलाचं काय?”

“तोच विचार करतेय.”

“तू त्याला सांगितलंस, की रणजीतला मी फोन करते. बाकी तू बघ.”

घरी जेवताना मिनलने वडिलांना हे सांगितलं. कोंडीरामना पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आता त्यांचा दिवस गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये जायचा. त्यांना ऑक्सिजनच्या पट्टीत फारसा रस नव्हता, पण फ्लेक्स त्यांनी पाहिला होता.

“फोन करावा म्हणते,” मिनल म्हणाली.

“फोनवर नको. फोनवर सांगितलंस तर त्यांना वाटेल अंग काढून घेतेय. घरी जा, चहा घे आणि सांग.”

“चिडले तर?”

“चिडतील. त्यांच्या घरात चिडतील, चौकात नाही.” कोंडीरामनी ताटातली भाकरी मोडली. “आमटी घे अजून.”

म्हणून तिने रोहिदासला फोन केला आणि फक्त एवढंच म्हणाली, की रविवारी तुमच्या घरी यायचं आहे, थोडं बोलायचं आहे. तो म्हणाला, या ना मॅडम. इथेच घोटाळा झाला. त्याच्या वडिलांना, लक्ष्मणरावांना, वाटलं की मॅडम सत्कार घ्यायला येतायत.

थेरगावातलं त्यांचं घर म्हणजे जुन्या गोठ्याच्या जागेवर बांधलेली चार मजली इमारत. वरचे तीन मजले भाड्याने दिलेले, तळमजल्यावर हे लोक. पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मध्ये रोहिदासचं रोइंग मशीन ताडपत्रीखाली झाकलेलं. मिनल आत गेली तर दिवाणखान्यात दहा-बारा माणसं बसली होती. लक्ष्मणराव पांढराशुभ्र सदरा घालून दारातच उभे. ती पाणी प्यायच्या आत त्यांचे थोरले भाऊ सोपानराव उठले, त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काका, थांबा,” मिनल म्हणाली. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

“आमच्या पोराचा दम हिनं हुडकला,” लक्ष्मणराव मंडळींना सांगत होते. “आमी आपलं म्हनायचो, पोरगं उगं वल्हं मारतंय. चौऱ्याहत्तर. पुन्याच्या भागात कुनाचा न्हाई.”

रोहिदासची आई कौसल्याबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. त्यांच्यामागून रोहिदास आला आणि आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. तो उतरला होता. महिन्यापूर्वी लॅबमध्ये आलेला रोहिदास आणि हा, दोघांच्या गालांत फरक होता. मिनलने नारळ टीपॉयवर ठेवला.

“काका, मी वेगळ्याच कामासाठी आलेय. तो आकडा चुकला होता.”

“कुनाचा?”

“रोहिदासचा. म्हणजे चूक माझी. मशीन लावताना माझ्याकडून चूक झाली. चौऱ्याहत्तर नाही, त्रेसष्ट आहे.”

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर सुरू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. मिनलने सिलिंडरचं सगळं सांगितलं, अगदी सावकाश, काही न गाळता. ऐकताना लक्ष्मणरावांची मान हळूहळू खाली गेली. सोपानरावांनी घसा साफ केला. त्यांची हयात जमिनीच्या व्यवहारांत गेली होती.

“म्हंजे एकदम अकरा कमी?” ते म्हणाले. “असं कसं जमंल? काई मधलं बघा की. सत्तर करा.”

“काका, ते माझ्या हातात नाही.”

“बरं, अडुसष्ट.”

“त्रेसष्टच आहे. आणि त्रेसष्ट चांगला आकडा आहे, खरंच. राज्याच्या पातळीवरच्या मुलांचा असाच असतो.”

“पन चौकात चौऱ्याहत्तर लागलाय,” लक्ष्मणराव म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. बैलजोडी विकून आल्यावर माणूस बोलेल तसा होता. “लोकान्ला काय सांगायचं?”

तेवढ्यात दाराशी रोहिदास हसायला लागला. आधी कुणाला कळलंच नाही. तो चौकटीला टेकल्या टेकल्या खाली बसला, उंबऱ्यावरच, आणि दोन्ही हातांत तोंड धरून हसत राहिला. हसता हसता त्याचे डोळे पाण्याने भरले.

“आरं, काय झालं?” कौसल्याबाईंनी बशा खाली ठेवल्या.

“मॅडम,” तो म्हणाला, “म्हणजे माझी दोन हजार मीटरची वेळ बरोबरच होती?”

मिनलने मनात हिशेब केला. “त्रेसष्टला तुमची वेळ जेवढी असायला हवी तेवढीच आहे. उलट एखाद्या सेकंदाने चांगलीच.”

“सर म्हणायचे, तुझ्या फुप्फुसात एवढा दम आहे, तर वेळ का निघत नाही? रोज मला वरचा वेग देत होते. मी ओढायचो आणि अर्ध्यातच मोडायचो. मला वाटायचं, दम आहे, मग मीच मनाने कच्चा आहे. आळशी आहे.” त्याने बाहीने डोळे पुसले. “मी आळशी नव्हतो.”

“मी कवा म्हनलं तू आळशी हायेस म्हून?” कौसल्याबाई म्हणाल्या.

“तू नाही गं. मीच म्हणत होतो.”

मग कौसल्याबाईच बोलल्या, आणि त्या दिवशी त्या घरात सगळ्यांत जास्त त्याच बोलल्या. चाकणहून शिफ्ट करून आला की पोरगं कपडेही न बदलता त्या मशीनवर बसायचं. अर्ध्या तासाने बघावं तर पार्किंगच्या फरशीवर उताणं पडलेलं. जेवण तुटलं होतं. दोन भाकऱ्यांवर तिसरी घेत नव्हता. रात्री झोपेत पाय झाडत होता. त्यांनी नवऱ्याला सांगितलं तर नवरा म्हणाला, चौऱ्याहत्तरवालं पोरगं हाय, त्याला काय व्हतंय?

लक्ष्मणराव हे ऐकत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मुलाकडे बघितलं.

“मला बोलला न्हाईस,” ते म्हणाले.

“काय बोलणार, अण्णा. तुम्ही फ्लेक्स लावला होता.”

मंडळींपैकी एकदोघांना काम आठवलं आणि ते पोहे संपवून उठले. सोपानराव मात्र बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनीच विषय मार्गी लावला. आकड्यावर पांढरी पट्टी मारून घेऊ, म्हणाले, बाकी अभिमान आहे तो राहू दे. त्यांनी लगेच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. पट्टी लागली असेल-नसेल, पुढच्या आठवड्यात तिथं एका माजी नगरसेवकाचा वाढदिवस आला आणि तो कोपराच दुसऱ्याचा झाला.

निघताना मिनलने शाल काढून घडी घातली आणि कौसल्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पुन्हा तिच्या खांद्यावर टाकली.

“ऱ्हाऊ दे. आकड्याची न्हाई ती. तू घरी येऊन सांगितलंस, त्याची हाय.”

रणजीत सर दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आले. डॉ. विजयश्रींनी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं, तरी ते मिनलसमोर बसून बराच वेळ रिपोर्ट उलटसुलट करत राहिले.

“चूक तुमची आहे, पण निम्मी माझी धरा,” ते अखेर म्हणाले. “सात वर्षं त्याला बघतोय. एक कागद आला आणि मी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून दिला. त्याला पुन्हा तपासा. नीट. मग मी त्याच्या वेगांचं बघतो.”

शनिवारी सकाळी रोहिदास आला तो आईवडिलांना घेऊनच. लक्ष्मणराव म्हणाले, मागच्या खेपेला आमी न्हवतो म्हून घोटाळा झाला. त्यांनी आल्या आल्या सिलिंडर दाखवायला सांगितला. मिनलने त्यांना छापलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी शेजारी दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले आणि मान डोलावली. मग ते भिंतीशी ठेवलेल्या बाकावर बसले, शेजारी कौसल्याबाई पिशवी मांडीवर घेऊन.

रोहिदासने पट्ट्या बांधल्या. मिनलने त्याला मास्क लावला आणि कडेने बोट फिरवून बघितलं. मास्क लागल्यावर त्याचा चेहरा नाहीसाच झाला, नुसते डोळे उरले. कौसल्याबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

पहिल्या पायरीला तो जणू झोपेतच ओढत होता. दांडा पोटाशी येई, चाक घूं करी, आणि सीट सावकाश पुढे जाई. दर चार मिनिटांनी थोडा थांबा. थांब्यात मिनल त्याच्या कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घेई आणि छोट्या पट्टीवर लावी. त्या थेंबावरून कळे, की स्नायूंवर किती ताण साठलाय.

“दुखतंय का रं?” कौसल्याबाईंनी विचारलं.

मास्कमधून बोलता येत नव्हतं. त्याने डास मारल्यासारखा हात केला. त्यांना हसू आलं.

चौथ्या पायरीनंतर त्याच्या पाठीवरून घाम ओघळायला लागला. पाचव्या पायरीला चाकाचा आवाज बदलला. लक्ष्मणराव बाकाच्या कडेवर आले होते आणि मुलाबरोबर स्वतःच मागेपुढे होत होते.

“काका, आता शेवटचा तुकडा आहे. यात त्याला पूर्ण ताकद लावायचीय,” मिनल म्हणाली. “आता बोललात तरी चालेल.”

लक्ष्मणराव बाकावरून उठून उभे राहिले. समोर मुलगा ओढत होता. पाय सरळ होत होते, पाठ उघडत होती, दांडा बरगड्यांवर येऊन आदळत होता, आणि मास्कमधून श्वासाचा आवाज भात्यासारखा येत होता. पडद्यावरचे वॅट साडेतीनशेच्या वर जाऊन तिथेच टिकले. ऑक्सिजनची रेघ चढत चढत गेली आणि मग आडवी झाली. मिनलने आणखी थोडं थांबून हात वर केला. रोहिदासने दांडा सोडला आणि गुडघ्यांवर कपाळ टेकलं.

त्रेसष्ट आला. दशांश चिन्हानंतर चार.

कौसल्याबाईंनी पिशवीतून पंचा काढून मुलाच्या पाठीवर टाकला. लक्ष्मणराव पडद्याजवळ गेले.

“आन् जोर? वॅट का काय ते?”

“मागच्या वेळेएवढाच. चारपाच वॅट जास्त.”

“म्हंजे जोर तेवढाच लावला,” ते बोटांवर मोजत म्हणाले, “आन् हवा कमी खाल्ली. म्हंजे गाडीनं ॲव्हरेज चांगलं दिलं म्हना की.”

मागच्या वेळेलाही त्याने तेवढीच हवा खाल्ली होती, हे मिनलच्या ओठांवर आलं होतं. तिने ते जरा वळवून सांगितलं. “ॲव्हरेज पहिल्यापासूनच चांगलं आहे, काका. मीच मागच्या खेपेला टाकी चुकीची मोजली.”

“आसं व्हय.” त्यांना ते पटलं. मग मशीनकडे बघत ते म्हणाले, “मला बसता यील का?”

रोहिदासने मान वर केली. “अण्णा, नको.”

“दोनच मिनिटं. बघू तरी काय प्रकार हाय.”

मिनलने आधी त्यांचा रक्तदाब बघितला. तो ठीक होता. बासष्ट वर्षांचा गडी, रोज सकाळी चालणारा. मास्क नाही, सुई नाही, हळूहळू ओढायचं आणि ती सांगेल तेव्हा थांबायचं, अशा बोलीवर तिने त्यांना बसू दिलं. त्यांनी चपला काढल्या, पायजमा वर खोचला आणि दांडा धरला.

हळूहळू ही बोली त्यांनी पहिल्याच ओढीला मोडली. पहिले सात-आठ हात त्यांनी असे मारले, की पडद्यावर दीडशेच्या वर आकडा गेला, आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. कौसल्याबाईंनी तोंडाला पदर लावला होता. मग आकडा एकशेवीस झाला, शंभर झाला, आणि पहिलं मिनिट संपायच्या आत ऐंशीवर आला. त्यांचा चेहरा तांबडा झाला. “बास, काका,” मिनल म्हणाली, तेव्हा त्यांनी दांडा असा सोडला, की साखळी खाडकन आत गेली.

ते सीटवरच बसून राहिले. रोहिदासने आपल्या अंगावरचा पंचा काढून त्यांना दिला.

“तुझं किती व्हतं?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“साडेतीनशेच्या वर.”

“आन् तू ते किती येळ ओढतोस?”

“शर्यतीत साडेसहा मिनिटं.”

लक्ष्मणरावांनी पंच्याने मान पुसली. मग पडद्यावर अजून दिसत असलेल्या ऐंशीकडे बघत बसले.

“ह्ये करून तू कंपनीत जातोस?”

“दुपारची शिफ्ट असली की.”

“आन् मी तुला वर भाडं मागायला धाडतो,” ते म्हणाले. “उद्यापासनं मी जाईन.”

खाली उतरल्यावर त्या तिघांनी कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडापाव खाल्ला. मिनल खिडकी पुसत होती, तिला वरून ते दिसत होते. रोहिदासने तीन खाल्ले आणि कौसल्याबाईंनी गाडेवाल्याला चौथा सांगितला.

रणजीत सरांनी त्याचे वेग बदलले. आठवड्यातले बरेच दिवस त्याला लांब आणि सावकाश ओढायला लावलं, इतकं सावकाश, की ओढता ओढता बोलता यावं. जोराचे दिवस दोनच ठेवले. रोहिदासला सुरुवातीला वाटलं, सर आपल्याला सोडून देतायत. पण हळूहळू वेळ उतरायला लागली. झोप परत आली. मिक्सरवाल्या भाडेकरू बाईने एकदा कौसल्याबाईंना विचारलं, की तुमचं ते मशीन बंद पडलं का, हल्ली फरशीवर कुणी पडल्याचा धप्प आवाज येत नाही.

निवडचाचणी नाशिकला होती. मिनलला जायला जमलं नाही, त्या दिवशी लॅबमध्ये लागोपाठ टेस्ट होत्या. दुपारी फोन वाजला.

“मॅडम, एकट्याच्या बोटीत नाही झालं,” रोहिदास म्हणाला. “पाचवा आलो. पण चौघांच्या बोटीत घेतलं.”

“कुठली जागा?”

“मधली. जिथं जोर लागतो ती.” मागे वारा होता आणि कुणीतरी बोट उचला, बोट उचला म्हणून सांगत होतं. “दोन पोरं नाशिकची, एक सांगलीचा आणि मी. सकाळीच एकमेकांना पहिल्यांदा बघितलं. पहिले पन्नास हात नुसता गोंधळ होता. मग काय झालं कळलं नाही, चौघांची वल्ही एकदम पाण्यात पडायला लागली आणि बोट खालून उचलल्यासारखी हलकी झाली. मशीनवर असं कधीच होत नाही.”

“मशीनवर ते मोजताही येत नाही,” मिनल म्हणाली.

“अण्णांना बोलायचंय.”

फोन हातातून हातात गेला. लक्ष्मणरावांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. लांबच्या गावाहून बोलताना मोठ्यानेच बोलायचं असतं, असा त्यांचा समज असावा.

“पोरी, मी हिशोब केलाय, तू जरा तपासून बघ. एकाचे तीनशे सत्तरच्या आसपास वॅट. चौघांचे मिळून दीड हजाराला टेकले. बरुबर?”

“बरोबर.”

“हितं एक मोटारवाला भेटला, त्याला इचारलं. तो म्हनला, साडेसातशे वॅट म्हंजे एक हॉर्सपॉवर. म्हंजे चार पोरं मिळून दोन हॉर्सपॉवर झाले. पटतंय का?”

मिनलने समोरच्या कागदावर गुणाकार-भागाकार मांडला.

“पटतंय, काका. दोन हॉर्सपॉवर.”

“आमच्या हिरीवर तेवढीच मोटर व्हती,” लक्ष्मणराव म्हणाले. “अर्धा एकर ऊस भिजवायची ती. आन् ही चार पोरं नुसती भाकरी खाऊन.” पलीकडे ते कुणाला तरी हीच गोष्ट पुन्हा सांगायला वळले असावेत, कारण आवाज लांब गेला, आणि कौसल्याबाई फोनवर आल्या.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“नाही अजून, काकू. एक टेस्ट राहिलीय.”

“मग कर आन् जेव,” त्या म्हणाल्या. “आमी आता बसतोय. ह्याला लई भूक लागलीया.”